कुणीच न उघडलेलं कपाट

१

दार बोटभर उघडं होतं. चोरी नव्हती, मोडतोड नव्हती, फक्त बोटभर फट. पण त्या फटीतून सगळा गारवा निघून गेला होता, आणि आतल्या खणांत शाळेतल्या पोरांसारख्या ओळीने उभ्या असलेल्या लशींच्या कुप्या फेकून देण्यापलीकडे कशाच्याही कामाच्या उरल्या नव्हत्या. लहान मुलांच्या लशी होत्या त्या. बाहेरच्या बाकांवर आया लेकरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांना परत पाठवायचं काम औषधभांडाराच्या प्रमुख बाईंवर आलं होतं.

"तिसऱ्यांदा, वहिनी! एका महिन्यात तिसऱ्यांदा!" प्रमुख बाई घरी येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर कोसळल्या आणि दवाखान्यात दाबून धरलेलं रडू त्यांनी इथे मोकळं सोडलं.

वहिनीने गॅस बारीक केला आणि नणंदेसमोर पाण्याचा पेला ठेवला. "आधी पाणी पी. मग सांग. आणि क्रमाने सांग, वन्सं. तुझं रडणं सुरू झालं की शेवट आधी येतो."

'वन्सं' ही वहिनीची थट्टेतली हाक. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा नणंद परकर-पोलक्यातून नुकतीच बाहेर पडलेली. तिला वन्सं म्हटलं की ती गाल फुगवायची. आज मात्र गाल फुगले नाहीत.

कपाट साधंसुधं नव्हतं. दारावर काचेचा पडदा होता, त्यावर आकडे दाबले की कुलूप उघडायचं, आणि कोणी कधी उघडलं याची नोंद कपाट स्वतःच ठेवायचं. तिन्ही सकाळी दार उघडं होतं, आणि तिन्ही वेळा कपाट म्हणत होतं, मला कोणीही उघडलेलं नाही.

"त्यात घोटाळा एकच," नणंद म्हणाली. "वीज गेली तर उघडायला म्हणून एक लोखंडी किल्ली आहे. तिने उघडलं तर नोंद होत नाही. आणि ती किल्ली..."

तिने गळ्यातली साखळी बाहेर ओढली. टोकाला किल्ली लोंबत होती.

"ज्याच्या हाती ससा तो पारधी," वहिनी म्हणाली.

"तेच म्हणाल्या मोठ्या डॉक्टर. जरा सभ्य शब्दांत. परवा चौकशी आहे. उत्तर देता आलं नाही तर किल्ली काढून ठेवायची, आणि खुर्चीसुद्धा." नणंदेने डोळे पुसले. "आणि अजून एक ऐक. या महिन्यात संध्याकाळची पाळी मला तीनदाच आली, आणि तिन्ही वेळा हेच झालं. भांडारातल्या त्या भाऊंच्या पाळीला एकदाही झालं नाही."

वहिनीने गॅस बंद केला.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

२

वहिनीचं काम काय, हे नातेवाइकांना समजावताना घरातल्या सगळ्यांचीच तारांबळ उडायची. दादा, म्हणजे नणंदेचा भाऊ आणि वहिनीचा नवरा, थोडक्यात सांगायचा: "ती पायांची वाटणी करते."

त्यात चूक काही नव्हती. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक चिप असते, आणि चिपला शेकडो बारीक धातूचे पाय असतात. पाय थोडे आणि कामं फार, म्हणून एकाच पायाला तीन-चार कामं शिकवलेली असतात. हा दिवा पेटवील, नाहीतर पडद्याशी बोलेल, नाहीतर कुलूप ओढील. कोणता पाय कोणत्या सेवेला लावायचा, त्याच्यावर किती जोर द्यायचा, यंत्र झोपलं की त्याने कसं राहायचं आणि उठलं की कसं, हे सगळं ठरवणारा कर्नलमधला, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रोग्राममधला, भाग म्हणजे पिन कंट्रोल ड्रायव्हर. एका जातीच्या चिपांचा ड्रायव्हर वहिनीच्या ताब्यात होता. जगभरातून माणसं त्यात दुरुस्त्या सुचवायची. वहिनी त्या ओळ न् ओळ वाचायची, शंका विचारायची, पटलं तर घ्यायची, नाहीतर गोड शब्दांत परत पाठवायची. त्या वर्तुळात तिला पिनकाकू म्हणत. एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबात थोरली सून जशी कोणी काय करायचं ते ठरवते, आणि दिवाळखोर दिराचाही अपमान होऊ देत नाही, तसं ते काम.

ते कपाट याच जातीच्या चिपवर चालतं, हे वहिनीला ठाऊक होतं. पण म्हणून ती लगेच यंत्राच्या पोटात हात घालणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणायची, यंत्राला नंतर विचारावं, आधी माणसांना विचारावं. माणसं जास्त सांगतात.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. आधी भाऊंना गाठलं. भाऊ म्हणजे भांडारातले दुसरे औषधवाले. वयाने नणंदेपेक्षा मोठे, हुद्द्याने खालचे, आणि ही गोष्ट दिवसातून दोनदा आठवणारे.

"माझ्यावर संशय आहे का?" त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"असायला हवा का?"

"हवा की! ताईंची खुर्ची गेली तर ती मलाच मिळणार. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नाही, वाईट वाटलं तरी आतून बरंही वाटलं मला." भाऊ एवढं खरं बोलले की वहिनीला ते आवडून गेले. "पण माझ्याकडे किल्ली नाही. आणि माझ्या पाळीला मी थांबतच नाही. शेवटची कुपी आत, दार बंद, की मावशींना ओरडतो, मावशी, पुसून घ्या पटकन, मला बस गाठायचीय! त्या पुसतात, मी दिवा बंद करतो, दोघं एकदमच बाहेर. ताईंसारखा दरबार नाही भरवत मी."

"दरबार?"

"त्यांनाच विचारा." भाऊंनी चष्मा परत कपाळावर चढवला.

३

मावशी दवाखान्याची सफाई करायच्या. कमरेत किंचित वाकलेल्या, बोलण्यात ताठ.

"दरबार कसला मेला!" त्या फडकं पिळत म्हणाल्या. "ताई गुणाची आहे. कपाट बंद केलं की म्हणते, मावशी, सकाळपासून उभ्या आहात, आधी बसा. शेजारच्या खोलीत आम्ही दोघी चहा घेतो. माझ्या गुडघ्यांची विचारपूस करते. पोटची पोर करणार नाही एवढी! मग ती घरी जाते, मी पुसून घेते, दिवा मालवते. भाऊंच्या पाळीला गुडघेही विचारू नका आणि चहाही."

"म्हणजे वन्सं गेल्यावर तुम्ही एकट्याच असता तिथे."

मावशींचं फडकं थांबलं. "बाई, मला ते आकडे दाबता येत असते तर मी इथे फडकं मारलं असतं का? मी नुसती काच पुसते. आणि खरं सांगू? त्या कपाटाला माणसं कळतात."

"ते कसं?"

"ताईच्या पाळीला पुसायला गेले की ते आतून टक् करतं. रामराम घातल्यासारखं. भाऊंच्या पाळीला ढिम्म! दगडासारखं." मावशी हसल्या. "संध्याकाळी मला धड दिसत नाही, पण ऐकू येतं. मीही म्हणते, राम राम बाबा, नीज आता."

"हे कधीपासून?"

"झालं की महिनाभर. ते कंपनीचं पोर येऊन काहीतरी करून गेलं, तेव्हापासून जरा माणसात आलंय."

"मोठ्या डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी मला विचारलं, किल्लीला हात लावला का. मी म्हटलं नाही. कपाटाशी बोलता का, असं कोणी विचारलंच नाही!"

वहिनीने फडक्यासकट मावशींचे दोन्ही हात धरले. तिला आता एक नक्की कळलं होतं: नणंदेच्या पाळीला दार उघडत होतं, ते नणंद घरी गेल्यावर. उघडणारं मात्र अजून दिसत नव्हतं.

आणि एक गोष्ट तिला सकाळपासून टोचत होती. दार जास्त वेळ उघडं राहिलं तर हे कपाट ओरडतं. मग तिन्ही वेळा ते गप्प का राहिलं?

४

कंपनीचा इंजिनिअर फोनवर आला तो अदबीनेच.

"तुम्ही पिनकाकू? खरंच? मॅडम, तुमच्याच ड्रायव्हरवर आमचं कपाट चालतं!"

"म्हणून तर फोन केला. महिन्यापूर्वी काय बदललंत?"

"नवं कर्नल टाकलं. आधीपेक्षा चांगलं चालतं, मॅडम. आणि तुमच्या ड्रायव्हरची आमच्याकडची प्रत जरा झाडून-पुसूनही घेतली. काही ओळी दोनदा तेच काम करत होत्या, त्या काढल्या. शेकडो वेळा बंद करून चालू केलं. दार एकदाही हललं नाही."

"दार उघडं राहिलं तर कपाट ओरडतं, ते कसं ठरतं?"

"सोपं आहे. कुलूप उघडायचा हुकूम दिला की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या वेळात दार लागलं नाही की भोंगा."

"आणि हुकूम दिलाच नसेल तर?"

"तर घड्याळ सुरूच होणार नाही. पण मॅडम, हुकमाशिवाय कुलूप उघडेल कसं? किल्लीच हवी ना त्याला."

पुन्हा किल्ली! सगळ्या वाटा फिरून नणंदेच्या गळ्याशी येत होत्या.

"संध्याकाळपर्यंत सांगते," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात काळजी नव्हती. ज्याने हे जग रचलं त्याने प्रत्येक गाठीला एक टोक ठेवलेलं असतं, ते सापडेपर्यंत ओढाताण करायची नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

घरी आली तर दारात पाणी. स्वयंपाकघरातून ओघळत बाहेरच्या खोलीपर्यंत आलेलं. नणंद परात घेऊन उपसत होती आणि दादा लेंगा वर धरून एका पायावर उभा होता.

"नळ कोणी उघडा टाकला?" वहिनीने विचारलं.

"मी नाही!" दादा म्हणाला. "दुपारी मी घरातच नव्हतो!"

"मी आत्ता आले," नणंद म्हणाली. "नळाला कोणी हातच लावला नाही आज. सकाळपासून पाणीच नव्हतं, टाकी धुताहेत."

"सकाळी पाणी आलंय का ते कोणी पाहिलं होतं?"

दादाचा दुसरा पाय हळूच जमिनीला टेकला. "ते मी पाहिलं होतं. आलं नव्हतं."

"आणि पाहून झाल्यावर नळ?"

दादाने लेंगा आणखी वर धरला. नणंद एवढ्या दुःखातही फिसकन हसली. "उघडाच! म्हणजे पूर आला तेव्हा नळाजवळ कोणीच नव्हतं. पाणी आलं आणि नळ आधीच उघडा होता!"

वहिनी पाण्यात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की दादाला वाटलं आपली सुटका झाली.

"वन्सं, काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"नळाजवळ कोणीच नव्हतं..."

"पुढचं."

"पाणी आलं, आणि नळ आधीच उघडा होता."

"परात ठेव," वहिनी म्हणाली. "उद्या ती किल्ली गळ्यातच घालून चल. ती कोणी काढून घेणार नाही."

५

चौकशीला सगळे भांडारातच जमले. वहिनीचीच तशी विनंती होती. मोठ्या डॉक्टर हाताची घडी घालून उभ्या, भाऊ कपाळावर चष्मा घेऊन, कंपनीचा इंजिनिअर आपला संगणक छातीशी धरून, मावशी दारात. नणंद एका कोपऱ्यात.

"चोर तीनदा आला," वहिनीने सुरुवात केली. "दार उघडलं, काही नेलं नाही, आणि दार तसंच टाकून गेला. असा चोर मी तरी पाहिला नाही. वन्संना काही लपवायचं असतं तर त्यांनी पहिलं काम केलं असतं दार लावायचं. म्हणून मी चोराचा नाद सोडला. मावशी, फडकं घ्या."

नणंदेने आकडे दाबून रिकामं कपाट उघडलं आणि बंद केलं. मावशींनी लगेच काच पुसली. काही झालं नाही.

"ही भाऊंची पाळी," वहिनी म्हणाली. "आता वन्संची. चला, चहा."

"आत्ता?" मोठ्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

"पुरावा आहे तो, डॉक्टर. गरम आहे तोवर घ्यावा लागतो."

शेजारच्या खोलीत सगळ्यांनी चहा घेतला. भाऊंनी मावशींना त्यांच्या गुडघ्यांबद्दल विचारलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. परत आले तेव्हा कपाटाचा पडदा काळा झाला होता.

"काय झालं त्याला?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"झोपलं. कोणी हात लावला नाही की वीज वाचवायला हे झोपतं. मावशी, पुसा."

मावशींचं फडकं काचेला लागलं. पडदा उजळला.

टक्.

आणि सगळ्यांच्या देखत दार बोटभर पुढे आलं.

मावशींनी सवयीने "राम राम बाबा" म्हटलं आणि जीभ चावली. नणंदेचा हात गळ्यातल्या साखळीवर गेला. किल्ली तिथेच होती.

पडद्यावर शांतपणे लिहिलेलं होतं, बंद केल्यापासून दार कोणीही उघडलेलं नाही.

६

"ते खोटं बोलत नाही," वहिनी म्हणाली. "झोपेत चालणाऱ्या माणसाला सकाळी विचारा, कुठे गेला होतास? तो शपथेवर सांगेल, अंथरुणातच होतो. तसंच हे. उघडायचा हुकूम त्याने दिलाच नाही, म्हणून नोंद नाही, आणि घड्याळ सुरू झालं नाही म्हणून भोंगाही नाही."

"मग दार उघडलं कोणी?" भाऊंनी विचारलं.

"चिपच्या एका पायाने. तो पाय म्हणजे नळ समजा. पायावर विजेचा दाब आला की कुलूप ओढलं जातं. कपाट झोपलं की चिपची वीज काढून घेतात, म्हणजे पाणी गेलं. आणि या जातीच्या चिपला झोपेत विसर पडतो. हा नळ आपण बंद ठेवला होता हे ती विसरते, आणि तिच्या विसराळूपणात नळ उघडा राहतो. आता कपाट उठलं, पाणी आलं! कुलूप सांभाळणारा प्रोग्राम डोळे चोळत उठून नळ बंद करतो खरा, पण तोवर एक घोट वाहून जातो. कुलपाला तेवढा घोट पुरतो. दिवसा त्याला उठवणारा दार उघडायलाच आलेला असतो, म्हणून ते टक् कोणाच्या ध्यानात आलं नाही."

इंजिनिअरचा चेहरा उतरत चालला होता. "पण मी शेकडो वेळा बंद करून चालू केलं..."

"झोपवून उठवलंस का? एकदा तरी?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"बंद करून चालू केलं की सगळ्यात आधी सुरुवातीचा छोटा प्रोग्राम येतो, आणि जाता जाता तो हा नळ बंद करून जातो. म्हणून तुला दार कधी हललेलं दिसलं नाही. झोपेतून उठताना तो येत नाही. त्या वेळेसाठी ड्रायव्हरमध्ये एक ओळ होती. पाय कामाला लावण्याआधी त्याला सांगायचं, आधी बंद हो. ती ओळ तुला दिसली, आणि तुला वाटलं..."

"हे तर सुरुवातीलाच केलेलं आहे, पुन्हा कशाला," तो पुटपुटला. "मी काढली. नीटनेटकं दिसावं म्हणून."

"अरे, आमच्या धंद्यातली माणसंच अशी चूक करू शकतात. दुसरा कोणी पसारा तसाच ठेवील, आपल्याला एक जास्तीची ओळ रात्रभर झोपू देत नाही." वहिनीच्या बोलण्यात बोच नव्हती. "एकदा आंघोळ केली म्हणून रोज सकाळी तोंड धुवायचं कोणी सोडतं का?"

मोठ्या डॉक्टर नणंदेकडे वळल्या. त्यांनी हाताची घडी सोडली होती. "मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते. मला क्षमा करा."

भाऊंनी घसा साफ केला. "खुर्ची तुमचीच, ताई. मी बसमध्ये उभा राहायला शिकलोच आहे."

हशा ओसरला तशा मोठ्या डॉक्टर पुन्हा कामाच्या सुरात आल्या. "तर मग उपाय सोपा आहे. आजपासून नियम: कपाट बंद केल्या केल्या पुसायचं. मध्ये चहा नाही, गप्पा नाहीत."

दारातल्या मावशींनी मान डोलावली. "बरोबर आहे, बाई." पण हातातलं फडकं त्यांनी उगीचच पुन्हा पिळलं, आणि कोरड्या फडक्यातून काही गळलं नाही.

वहिनीने ते पाहिलं.

"नाही, डॉक्टर. हा नियम होणार नाही."

"का?"

"या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट निर्दोष होती, तो चहा. दमलेल्या माणसाला कोणी बस म्हणालं, आणि त्याच चांगुलपणाच्या वेळेत यंत्राला झोप लागली, म्हणून आळ वन्संवर आला. आता शिक्षाही त्या चांगुलपणालाच? यंत्राने माणसांच्या सवयी सांभाळायच्या असतात. उलटं होऊ लागलं तर माझ्यासारखीने घरी बसावं."

तिने इंजिनिअरच्या संगणकाकडे बोट दाखवलं. "ती ओळ परत घाल. आत्ता, इथेच. तेवढ्याने आज भागेल. पण उद्या दुसरा कोणी नीटनेटका येईल, म्हणून मूळ ड्रायव्हरमध्ये मी फरक करते आहे. बंद करणं आणि कामाला लावणं या दोन वेगळ्या ओळी ठेवायच्याच नाहीत. दोन्ही एकाच गाठीत बांधायच्या. पाय आधी बंद होईल, मगच कोणाच्या हाती जाईल. कोणाला सोडवायचं म्हटलं तरी गाठ सुटणार नाही. आणि वर साध्या शब्दांत लिहायचं, हे कशासाठी आहे. ते तू लिही, आणि झोपवून उठवून तपासूनही तूच पाठव. मी वाचीन."

"मी?" तो दचकला. "माझी दुरुस्ती तुम्ही घ्याल?"

"शंका विचारीन. पुष्कळ विचारीन. पण घेईन."

त्याने भांडारातल्या टेबलावरच संगणक उघडला. ओळ परत गेली, कपाटाने नवं कर्नल गिळलं, पडदा उजळला. नणंदेने आकडे दाबले, दार उघडून लावलं, आणि मग कोणी न सांगता ती मावशींकडे वळली.

"मावशी, सकाळपासून उभ्या आहात. आधी बसा."

दुसऱ्यांदा चहा झाला. या वेळी कोणी पुरावा म्हणून घेतला नाही. मोठ्या डॉक्टरांनी तर साखर मागून घेतली. परत आले तेव्हा पडदा काळा होता. मावशींनी फडकं उचललं, आणि इंजिनिअरने डोळे मिटले.

फडकं काचेवरून फिरलं. एकदा. पुन्हा एकदा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

कपाट ढिम्म होतं. दार लागलेलं होतं.

मावशी थोडा वेळ कान देऊन थांबल्या. मग त्यांनी दारावर हलकेच थोपटलं. "आता रामराम नाही घालत," त्या म्हणाल्या. "शहाणं झालं. झोपलं की झोपतंय."